दोन बेलांवर एकच आडनाव

माझ्या नातीचं, अन्वीचं, बारसं न्युरेम्बर्गला झालं ते दोन हजार तेवीस साल. पाळण्याशी माझे व्याही जेनारो एस्पोझितो उभे होते. मी लेकीला म्हटलं, "ईश्वरी, विचार गं, या आडनावाचं मूळ गाव कुठलं?"

तिने जर्मनमधून विचारलं. ते बोलले, ते तिने मला सांगितलं.

"आई, पापा म्हणतात गावबिव नाही. नेपल्सच्या अनाथालयात टाकून दिलेली मुलं यायची, त्यांना हे आडनाव लावत. एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला. आता तिकडे गल्लोगल्ली आहेत."

"अगं बाई! आणि आपल्या पोरीला हेच?"

"तुझ्या भावाचं नाव धोंडू ठेवलं होतं की!"

सगळे हसले. मी मात्र पाळणा हलवत राहिले.

व्याही दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत. मी रोज डबा न्यायची. इथे दाराला नंबर नसतो, बेलेशेजारी आडनाव असतं. अक्षरं मी उतारवयात शिकले, ही परकी तर त्याहून उशिरा. एक एक अक्षर लावत बघितलं, तर एस्पोझितो दोनदा. दुसऱ्या मजल्यावर व्याही. चौथ्यावर त्यांचे भाऊबंद, असं मीच धरून चालले.

नोव्हेंबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. "यमुना... श्लेख्त." श्लेख्त म्हणजे वाईट, एवढं मला कळत होतं. नुसती धाप ऐकू आली, मग तीही नाही.

मी चपला घालतच ईश्वरीला ऑफिसात फोन लावला.

"आई, मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

"थांब. घरचं माणूस आहे तिथे. किल्ली असेल. मी बघून कळवते."

"नक्की ना?"

"नक्की."

तिला वाटलं, लुका, तिचा नवरा, तिथे पोचलाय.

व्याह्यांचं दार वाजवलं. आत खुर्ची सरकली. दार उघडलं नाही. तशीच चौथ्या मजल्यावर गेले. एका तरुण मुलीने दार उघडलं, केस ओले.

"जेनारो!" मी छातीवर हात ठेवला, हवेतच किल्ली फिरवल्यासारखं करून दाखवलं.

"नाइन, नाइन. फामिलिए नाइन." नाइन म्हणजे नाही, फामिलिए म्हणजे घरचं माणूस, एवढं मला येत होतं.

मी तिच्या पाटीवर बोट ठेवलं. तिने त्याच पाटीवर बोट ठेवून नकाराची मान हलवली.

"अगं, तुमचं माणूस मरतंय!" मी तिचं मनगट धरून ओढतच खाली आणलं. तिने दाराला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. ॲम्ब्युलन्सला फोन तिने केला. माझ्या सांगण्यावरून ईश्वरीने केला नव्हता, त्याला तोवर वीस मिनिटं होऊन गेली होती.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी दार तोडलं. स्ट्रेचरवाल्याने पाटी वाचून त्या मुलीला काही विचारलं, त्यातलं 'फामिलिए' तेवढं मला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग व्याह्यांचा हात धरला आणि ओल्या केसांनीच जिना उतरत गेली.

जेनारो एस्पोझितो इस्पितळात पोचायच्या आधी गेले. गुरुवार होता, सोळा नोव्हेंबर दोन हजार तेवीस.