मागच्या उतारावरचा बर्फ

आतल्या खोलीचं सरकतं दार अलगद सरकलं आणि तोयोनोबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

ओगामी गावात छपरावर बर्फ किती साठलाय हे वर चढून कोणी बघत नाही, दारं बघतात. ओझ्याने तुळया दबल्या की दारं चौकटीत रुततात, मग फावडं घेऊन वर जायचं. आठवडाभर बर्फ नुसता कोसळत होता, आणि हे दार तेल घातल्यासारखं चालत होतं!

बाई मागच्या दाराने बाहेर आल्या. छपराचा मागचा उतार जवळजवळ मोकळा होता. रस्त्याकडच्या उतारावर मात्र कमरेएवढा थर तसाच. काढलेला बर्फ शेजारच्या सोकिची होन्माच्या अंगणात ढिगाने पडला होता. बाई गरम झऱ्यावर अंघोळीला गेल्या असताना म्हाताऱ्याने डाव साधला असणार.

पण का? हा तो माणूस, ज्याने फावडंभर बर्फ कुंपणापलीकडे पडला म्हणून बाईंच्या नवऱ्याशी जन्मभर वैर धरलं. तो दुसऱ्यासाठी फुकट घाम गाळील? नाव नको! नवरा गेल्यावर मुलाने, मासानोबूने, अट घातली होती. छप्पर तुला झेपतंय तोवर इथे राहा, दुसऱ्याला चढावं लागलं की मुकाट्याने माझ्याकडे शहरात यायचं. मोसमातला पहिला बर्फ बाईंनी स्वतः काढला, तेव्हापासून कंबर धरली होती, पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. अटीची गोष्ट सोकिचीला ठाऊक होती. आणि मासानोबू आजच येणार होता. बाईंना सगळा कावा दिसला. म्हातारा मुलाला ढीग दाखवणार, घर रिकामं होणार, मग त्यांची बाग गिळायला हा मोकळा.

त्या तरातरा कुंपणापाशी गेल्या. "भावोजी, माझ्या छपरावर कोण चढलं होतं?"

सोकिची मुळ्याचं लोणचं चावत दारात आला. "मांजर असेल."

"मांजर फावडं धरतं?"

"तुमच्याकडच्या मांजराचं काही सांगता येत नाही, वहिनी."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मला इथून हाकलायचंय ना तुम्हाला?"

तो काही बोलणार, तोच मासानोबूची गाडी गल्लीत वळली. उतरल्या उतरल्या त्याने छपराकडे पाहिलं, मग ढिगाकडे.

"आई, हे कोणी काढलं?"

बाईंनी सोकिचीकडे पाहिलं. खोटं बोलावं, तर साक्षीदार समोर उभा.

"कोणी काय विचारतोस?" सोकिचीच कडाडला. "तुझी ही आईसाहेब! अरे, तुझा बाप परवडला. त्याचं चुकून फावडंभर यायचं. ही बाई सगळाच्या सगळा माझ्याकडे भिरकावते! माझे कोबी गाडले गेलेत त्याच्याखाली. या वयात हिच्या हातात एवढा जोर येतो कुठून, ते विचार!"

मासानोबूने कमरेत वाकून माफी मागितली, पण त्याला हसू आवरत नव्हतं. "आई, काकांशी जरा नीट वागत जा." आलोच आहे तर म्हणून पुढचा उतार त्याने साफ केला, गरम सूप प्यायला आणि निघून गेला. शहरात चल, असं एकदाही म्हणाला नाही.

गाडी दिसेनाशी झाली तशा बाई पुन्हा सोकिचीच्या दारात. "आता खरं सांगा. कशासाठी केलंत?"

"तुम्ही गेलात की या गल्लीत मी एकटा. रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी एका घरासाठी आत वळत नाही. मग मलाही लेकीच्या घरी जाऊन तिच्या सासूचं तोंड बघत बसावं लागेल."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं?"

"तुमच्यासाठी? का म्हणून?"

बाईंना केवढं हायसं वाटलं! उपकार म्हणून केलं असतं, तर त्यामागे काय आहे हे त्या मरेपर्यंत शोधत बसल्या असत्या. स्वार्थावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. दाराच्या चौकटीला धरून उभा असलेला सोकिची एवढं बोलण्यानेही धापा टाकत होता. ते त्यांनी आत्ता पाहिलं.

"पुढच्या वेळी मीही वर येणार," त्या म्हणाल्या.

"कंबर मोडून घ्याल."

"घेईन. तुम्ही एकटेच चढलात आणि घसरून मेलात, तर ती गाडी माझ्यासाठी तरी कुठे वळणार आहे?"