तीस साड्या, तीस दिवस

उद्याचा दिवस माणसाच्या हातात नसतो, असं सगळे धर्म सांगतात. भूपेंद्रच्या हातात मात्र पुढचे पंचेचाळीस दिवस होते, एक्सेल शीटमध्ये, तीन रंगांत. हिरवा म्हणजे सण, पिवळा म्हणजे ऑफर आणि गुलाबी म्हणजे भावनिक.

भूपेंद्र धुळ्याचा. जळगाव-धुळ्यातल्या अकरा दुकानांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं तो सांभाळायचा. त्यातलं एक अभयकुमारांचं जळगावातलं साड्यांचं दुकान. आषाढात तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या गादीवर येऊन बसला आणि त्याने कॅलेंडरमधली खोट दाखवली.

"शेठ, हिरवं भरपूर शे. पिवळं तर रोजच शे. पण पर्युषण संपेपर्यंत गुलाबी काहीच नाही. लोकांचे डोळे भरून आले पाहिजेत, शेठ. तेव्हा शेअर करतात."

"साडीच्या दुकानात कोणाचे डोळे भरणार?"

"मागल्या वर्षी पलकताईंची अठाई टाकली होती, आठवतं का? अख्ख्या वर्षात तेवढी एकच पोस्ट पळाली."

अठाई म्हणजे सलग आठ उपवास. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. अभयकुमारांच्या एकवीस वर्षांच्या मुलीने, पलकने, ती स्वतःहून केली होती. यंदाही तिच्या मनात आठच होते. पण धुळ्याच्या नव्या शाखेचं उद्घाटन संवत्सरीच्या, म्हणजे जैनांच्या पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी होतं. अभयकुमारांनी तिथून उलटं मोजत बोट वर सरकवलं. गुलाबीसाठी बरोबर तीस रकाने मोकळे निघाले. तीस उपवासांना मासखमण म्हणतात.

"जमेल ना तुला?" त्यांनी दिवस मावळायच्या आधी, जेवणाच्या वेळेला विचारलं.

पलक "जमेल" म्हणाली. पप्पांच्या या प्रश्नाला त्या घरात दुसरं उत्तर कधी लागलं नव्हतं.

अभयकुमारांची आई सूरजबाई, वय एकोणऐंशी, पलीकडे माळ घेऊन बसल्या होत्या.

"तीस कोणी ठरवले?"

"मां, प्लॅनिंग करावं लागतं."

"पच्चक्खाण एका दिवसाचं असतं. सकाळी हात जोडायचे, आजचा नियम घ्यायचा. उद्याचं उद्या, शरीराला विचारून."

"रोज घेऊ देत ना तिला! पण फोटो रोज काढत बसलो तर भूपेंद्रला जळगावला तीस चकरा."

म्हणून तीसही फोटो दुसऱ्याच दिवशी काढले. भूपेंद्रच्या धंद्यात तशीच पद्धत होती. शिवाय वीस दिवसांनी चेहरा उतरतो, हेही त्याला अनुभवाने ठाऊक होतं. दुकानाच्या माळ्यावर पांढरा पडदा लावला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, पलकने मधे काही न खाता तीस साड्या नेसल्या. एकतिसावी पारण्याची, म्हणजे उपवास सोडण्याची: तीत चांदीच्या वाटीतून काहीतरी पिताना हसायचं होतं. वाटी रिकामी होती. बाविसाव्या साडीला ती मटकन खाली बसली.

"असंच बसा ताई, असंच," भूपेंद्र म्हणाला. "हा एकदम नॅचरल आला. हा विसाव्या दिवसाला लावू."

मग रोज सकाळी नऊला पोस्ट पडू लागली. 'तपस्वी पलक. उपवास क्रमांक सात. साता आहे.' उपवास करणाऱ्याला भेटायला येणारे "साता आहे ना?" असं विचारतात, बरं आहे ना, एवढाच अर्थ. इथे कुणी विचारायच्या आधीच उत्तर तयार होतं. खाली बारीक अक्षरांत साडीचा प्रकार आणि दुकानाचा पत्ता.

पलक रोज पच्चक्खाण घ्यायला जैन स्थानकात, साधु-साध्वी उतरतात तिथे, जायची; चौदाव्या दिवसापासून तिला तिथले जिने चढवेनात. मग सूरजबाई तिला घरीच पच्चक्खाण देऊ लागल्या. एकोणिसाव्या दिवशी तिने प्यायलेलं पाणी ओकून टाकलं आणि तिच्या हाताची बोटं वाकडी होऊन आखडली. विसाव्या सकाळी तिने पडल्या-पडल्या हात जोडले. सूरजबाईंनी पच्चक्खाण दिलं नाही. मुगाचं पाणी करून आणलं आणि तिला चमच्या-चमच्याने पाजलं.

नऊ वाजता पोस्ट पडली. 'उपवास क्रमांक वीस. साता आहे.' बाविसावी साडी, एकदम नॅचरल.

"अभय, हे बंद कर," सूरजबाई म्हणाल्या.

"मां, अकराच राहिलेत. पत्रिका गेल्या शिरपूरला, पाचोऱ्याला, सावद्याला. 'तपस्वी पलक यांच्या शुभहस्ते' असं छापलंय."

"मग एकोणीस लिही. एकोणीस काय कमी आहेत?"

"एकोणीसला काही नाव आहे का, मां? आठला आहे. तीसला आहे."

"तपाच्या नावावर खोटं चाललंय."

"खोटं कुठे? फोटो खरे आहेत."

एवढं बोलून ते धुळ्याला गेले. पलकची आई मोहिनी आधीच तिकडे होती, नव्या दुकानाची मांडणी करत. जळगावच्या घरात आजी, नात आणि दोन वेळा येणारी स्वयंपाकीण उरली. स्वयंपाकिणीला कळू द्यायचं नाही, असं फर्मान होतं. तिला आणखी सात घरं होती. म्हणून दुपारचं ताट सूरजबाईंच्या नावाने वाढलं जायचं आणि पलकच्या खोलीत जायचं. दार लावून ती जेवायची. स्वतःच्या घरात चोरून मऊ खिचडी खाणारी तपस्वी बहुधा जिल्ह्यात ती एकटीच असावी.

तिसऱ्या दिवशी घास तोंडात असतानाच तिच्या लक्षात आलं.

"दादी, ताट तर एकच येतं. तू काय खाल्लंस?"

"माझं चालू आहे."

"काय चालू आहे?"

"बाविसावा."

पलकने ताट बाजूला सारलं. "दादी, तप दुसऱ्याच्या नावावर जातं का?"

"नाही जात. एवढं तुला ठाऊक आहे, म्हणजे तुझ्या बापापेक्षा तुला धर्म जास्त कळतो."

"मग कशाला?"

"तो जगाला सांगतोय की या घरात तीस होताहेत. होऊ देत तीस. मग नाव तेवढं चुकीचं राहील. ताट ओढ पुढे, गार होतंय."

पलकने भूपेंद्रला फोन केला. राहिलेल्या पोस्ट काढून टाक म्हणाली.

"तीसच्या तीस, बठ्ठं शेड्यूल शे, ताई. शेठनी सांगितल्याबिगर हात लावत नाही मी. आणि उद्याच्या साडीत काय दिसता तुम्ही, मोरपंखी!"

मग तिने स्वतःच्या अकाउंटवर लिहिलं: 'माझे उपवास एकोणिसाव्या दिवशी सुटले.' ते चार वेळा वाचलं. पप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, छापलेली पत्रिका आली. तिने ते ड्राफ्टमध्ये ठेवलं.

सत्ताविसाव्या दिवशी सूरजबाईंना माळ धरता येईना. पलकने धुळ्याला फोन लावला.

"पप्पा, दादी काही खात नाहीये. आठ दिवस झाले."

"मांचं दर पर्युषणात एकासन असतं. एकदाच खाते ती."

"एकदाही नाही, पप्पा."

"बेटा, इथे लाइटवाला माझ्या डोक्यावर बसलाय. तू नीट जेव. हां, नीट म्हणजे फार नको. आणि शुक्रवारी मेकअपवाली येईल, डोळ्यांखाली थोडं काळं करायला. तुझे गाल भरलेत, व्हिडिओ कॉलवर पाहून मम्मी म्हणत होती."

डॉक्टरांना पलकने स्वतःच बोलावलं. सूरजबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसाला मला फोन करायला सांगा. घरातलं मोठं माणूस तोंड भिंतीकडे करून पडलं होतं.

संवत्सरीला तिसावा झाला. दुपारी दोनला दुकानाने समस्त ग्राहकांची क्षमा मागितली: 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम.' ती क्षमा आषाढातच शेड्यूल झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर पलक मुगाचं पाणी घेऊन गेली. सूरजबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिने हाक मारली, हात धरला, मग वाटी खाली ठेवली.

नऊ वाजता पोस्ट पडली. पलक चांदीच्या वाटीतून पीत हसत होती.

उद्घाटन आठ दिवस पुढे गेलं. धुळ्यासाठी निघालेले पाहुणे गाड्या वळवून जळगावला आले. पत्रिका सगळ्यांनी वाचली होती. बायका पलकच्या डोळ्यांखालचं काळं पाहून हळहळल्या. ते मेकअपवालीचं नव्हतं.

"नातीचं मासखमण पुरं झालेलं पाहिलं आणि डोळे मिटले हो! काय पुण्याई!"

"माझे एकोणीसच झाले," पलक मोठ्याने म्हणाली. "पुढचे अकरा दादीचे होते."

मग एकीने पदर डोळ्यांना लावला. "बघा, एवढं तप करूनसुद्धा श्रेय दादीला देते. याला विनय म्हणतात."

अभयकुमार मात्र ऐकून उभेच राहिले. संध्याकाळी त्यांनी पलकला बाजूला बोलावलं.

"मांने सांगायचं तरी," ते म्हणाले. "एकोणऐंशीव्या वर्षी अकरा... कॅलेंडरमध्ये घेतलं असतं."

भूपेंद्र भेटायला आला, तोही गंभीर होता. श्रद्धांजलीला गुरुवारचा रकाना मोकळा नव्हता, शुक्रवारी पिवळं होतं. शनिवारी जागा निघाली. 'नातीचं तप पूर्ण झालेलं पाहून...' अशी सुरुवात त्याने केली. पलकने शनिवारी सकाळी स्वतःचा तो एकोणिसाव्या दिवसाचा ड्राफ्ट शोधून काढला आणि पोस्ट केला. त्याखाली एका मावशीने हात जोडलेले दोन इमोजी ठेवले.

महिनाअखेरीस भूपेंद्रचा रिपोर्ट आला. विसाव्या ते तिसाव्या उपवासाच्या अकरा पोस्टना मिळून पंचावन्न लाइक होते. चव्वेचाळीस दुकानातल्या चार सेल्समनचे, कारण रोज लाइक करायचं असा नियम होता. उरलेले अकरा अभयकुमारांचे.