दह्याचं व्रत

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे मथुराबाईंना, कुठलीच गोष्ट बेताची करता येत नसे. भाकर थापली तर ती ताटाबाहेर जायची, भांडण केलं तर अर्धं गाव गोळा व्हायचं. आजारपणाचंही तसंच. पाऊस ओसरून आश्विनाचं ऊन तापायला लागलं की त्यांच्या अंगभर पित्ताच्या गांधी उठायच्या, छातीत आग पडायची, आंबट ओकाऱ्या व्हायच्या, आणि बाई थेट दिवाळीपर्यंत खाटेवर.

कापूस फुटतो तो नेमका याच दिवसांत. नाल्याकाठचं वावर बाईंना त्यांच्या वडिलांनी दिलेलं. तिथं वेचायला येणाऱ्या बाया बाईंच्या शब्दावर यायच्या. त्या खाटेवर असल्या की बाया दुसऱ्याच्या वावरात जात आणि आमचा कापूस झाडावर लोंबून मातीत पडे. त्यांच्या जागी मी उभी राहून पाहिलं. पण माझं तोंड असं, की आलेल्या बायाही निघून गेल्या.

बासष्ट सालच्या भाद्रपदात बाबाराव, म्हणजे बाईंचे मालक आणि माझे भासरे, जेवता जेवता म्हणाले, "यंदा बी तू खाटेवर पडली, त नाल्याकाठचं वावर बटईनं देऊन टाकतो. अर्धा वाटा त अर्धा वाटा."

बाई भाकरीची टोपली खाली ठेवून थेट परसात निघून गेल्या. वडिलांची तेवढीच एक खूण त्यांच्याजवळ उरली होती.

गणपती उठले आणि आम्ही दोघी मोटारीनं दिग्रसला नानाजी वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग निवांत बोलायला लागले. "पावसाळ्यात अंगात पित्त साचते. वरून हे ऊन पडलं की ते उसळते. त्याले उसळू नाई द्याचं, एवढंच आपलं काम. मूग खा, दोडकं-पडवळ खा, आवळा खा. भाकरीवर तूप घ्या. सकाळी गुळवेलीचा काढा. दही, ठेचा, तळण बंद. दुपारचं ऊन नाई, दुपारची झोप बी नाई. पण हे सारं एकदम नका करू. जुनं हळूहळू सोडा, नवं हळूहळू धरा."

हे 'हळूहळू' बाईंच्या कानात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, देवापुढं सुपारी मांडली आणि हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. कापूस घरी येईपर्यंत दही वर्ज्य! वैद्यांनी सांगितलं पथ्य, बाईंनी त्याचं व्रत करून टाकलं. विरजणाचं मडकं घराबाहेर गेलं. ताकाचा हात लागला तर मला चुलीजवळ यायची बंदी. पथ्याला कोणी नैवेद्य दाखवतं का? बाईंनी मुगाच्या खिचडीचा दाखवला! बिचारे बाबाराव शेजारी जाऊन ताक पिऊन यायचे आणि मिशा पुसून घरात शिरायचे.

मी मनातून चिडले होते. पण रोज सकाळी बाईंचे दंड चोरून पाहायचे. आश्विन लागला, ऊन तापलं, घरोघर माणसं तापानं फणफणली, तरी बाईंच्या अंगावर गांध नाही. एक दिवस मी भांडी नीट घासली नाहीत म्हणून त्यांनी दारातून ओरडून मला बोलणी सुनावली. त्या आवाजातला जोर ऐकून मला इतका आनंद झाला, की मी उलटून बोलायचं विसरले.

मग बोंडं फुटली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सीतादही!

आमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी वावरात सीतादही करतात. कपाशीच्या झाडाखाली दगड मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, चारी दिशांना दहीभात शिंपायचा. मग वावराच्या मालकिणीनं त्यातलाच एक घास खायचा आणि पहिलं बोंड वेचायचं. तोवर दुसरी कुठलीही बाई कपाशीला हात लावत नाही.

"मी खाते तुमच्याऐवजी," मी म्हटलं.

"मांगच्या साली तूच खाल्ला. बाया टिकल्या काय?"

मी दुसऱ्याच दिवशी एकटी दिग्रस गाठलं. नानाजी इतके हसले, की त्यांना खल खाली ठेवावा लागला.

"म्या पथ्य सांगतलं वो बाई, व्रत नाई! अंग ठिकाणावर आलं आहे न? मंग एका घासानं काई होत नाई. रोजरोजच्या खाण्यानं पित्त चढते. दही ताजं घ्या, आंबट नको. त्यात खडीसाखर आन् आवळ्याची पूड टाका. सकाळच्या पारी खाऊ द्या, ऊन चढाच्या आंधी."

मी आले तशी सगळं बाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वैद्यबुवानं सांगतलं म्हणून देव ऐकन काय?"

"देवानं मांगतलं होतं काय तुमच्याजवळ व्रत?" माझा तोल सुटला. "तुमीच दिलं त्याले, नाई मांगतलं तरी!"

त्या रागानं निघून गेल्या. तरी सीतादहीच्या दिवशी मी माझ्याच हातानं दहीभात कालवला. साखर, आवळ्याची पूड, सगळं घातलं.

वावरात ऊन अजून कोवळं होतं. वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभ्या होत्या, सगळ्यांच्या पुढं त्यांची म्होरकी चंदाबाई. मथुराबाईंनी दगड मांडले, कुंकू वाहिलं, चारी दिशांना दहीभात शिंपला. शेवटचा घास हातात राहिला. आणि हात तिथंच थांबला.

"घ्या न वो घास," चंदाबाई म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

एक-दोन बाया आपसात कुजबुजल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मैना, उद्या अंग उठलं त? वावर जाईन वो माह्यं."

तेव्हा मला सगळं उमगलं. हा हट्ट नव्हता, भक्तीही नव्हती. ही भीती होती. पथ्य माणूस मोडतो, आज थोडं, उद्या थोडं. व्रत मोडत नाही. स्वतःच्या जिभेचा भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी देवाला राखणीला बसवलं होतं. इतके दिवस मी त्यांच्यावर चिडत होते. माझे डोळे भरून आले.

"बाई, जीभ तुमीच आवरली," मी म्हटलं. "देवानं नाई, वैद्यानं नाई. इतके दिस आवरली, उद्या बी आवरान. आज खा."

बाईंनी डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. मग वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि पहिलं बोंड वेचलं. बाया धुऱ्यावरून खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर बाईंची खाट रिकामी. धावतच आत गेले. बाई चुलीपाशी गुळवेलीचा काढा उकळत होत्या. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एक गांध नव्हती.

"पाहून घे एकदाचं," त्या म्हणाल्या, "आन् मले काम करू दे."

वेचणी रंगात आली असताना एक दिवस तांड्यावरचा भावसिंग वावरात आला. बाबारावांनी भाद्रपदातच त्याच्याशी बटईची बोलणी केली होती. बाबाराव धुऱ्यावर चुळबुळ करायला लागले.

"भावसिंग, तुले सांगाचं राहूनच गेलं, गड्या..."

"राहून नाई गेलं, धीर नाई झाला," ओळीतून बाईंचा आवाज आला. त्यांचे हात थांबले नव्हते. "भावसिंगभाऊ, वावर माह्याजवळच राह्यते. आले तसे भाकर खाऊन जा."

भावसिंग मोठ्यानं हसला आणि झाडाच्या सावलीत बसला. बाया तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. आता भासरे भडकणार, असं मला वाटलं. बाबाराव खाली उतरले आणि ओळीतून चालत बाईंपर्यंत गेले. बाईंची ओटी गच्च भरली होती. बाबारावांनी धोतराचा सोगा पसरला आणि म्हणाले, "टाक यात. तू वेच."