रिकाम्या बाकावरचं बटण

दुपारचे तीन वाजले की काकू शिलाई मशीनवर झाकण घालायच्या, टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायच्या आणि नवऱ्याला हाक मारायच्या, "अहो, या. लावते."

काका म्हणजे मोठे खवट गृहस्थ. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लोकांच्या चुका काढण्यात हयात गेली आणि एवढ्या पुस्तकांत स्वतःचं नाव एकदाही छापून आलं नाही. तीन वर्षांपूर्वी नजर गेली. पहिले सहा महिने कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले, कोणाशी धड बोलले नाहीत. तेव्हा काकूंनीच ही युक्ती काढली. फिल्म लावायची आणि पडद्यावर काय दिसतंय ते त्यांच्या कानाशी बसून सांगायचं.

फिल्मही गाजलेल्या नाहीत हं! "त्यांना बघायला अख्खं जग पडलंय," काका म्हणायचे. शंभर माणसांनीही न पाहिलेल्या शॉर्ट फिल्म, चार भागांत गाशा गुंडाळलेल्या मालिका, यांवर त्यांचा जीव. शेवटी नावं सरकायला लागली की हुकूम सुटायचा, "वाच. एकही गाळू नकोस." दिवे लावणाऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळी नावं ऐकून झाली की काका आपलं मत सांगायचे आणि काकू ते फिल्मच्या खाली टाइप करायच्या. "तिसऱ्या भागात मालिका झोपते, पण घरमालकीण झालेली बाई तिला एकटीच ओढून नेते." मत असं फटकळ. शेवटची ओळ मात्र ठरलेली, "तुम्ही हे केलंत, आभारी आहे."

आता खरी गोम. या फिल्मवाल्यांना गप्प बसायची भारी हौस. पाच-पाच मिनिटं नुसती खिडकी! काकूंनी सांगायचं तरी काय? "खिडकी आहे. अजून खिडकीच आहे." काकांचा चेहरा उतरायचा. एकदा न राहवून काकूंनी पदरचं घातलं. खिडकीशी म्हातारा आला, त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, शेजारणीने सुई-दोरा आणून लावून दिलं. काका असे खुलले म्हणता! मग काय, काकूंचा हात सैल सुटला.

आणि व्हायचं तेच झालं. बसथांब्यावरच्या एका फिल्मखाली काकांनी लिहवून घेतलं, "शेवटी ती बाकावरच्या अनोळखी माणसाचं बटण लावते, तिथे मी हरलो." दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शिकेचं उत्तर आलं. "काका, तुमचं मत मी आमच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. पण बटणाचा प्रसंग आमच्या फिल्ममध्ये नाही हो. तिथे चार मिनिटं रिकामा बाक आहे. तुम्ही तो प्रसंग कुठे पाहिलात?"

काकूंनी टॅब्लेट पालथा घातला.

"उत्तर आलं का गं?" काकांनी विचारलं.

"नाही हो."

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी हाक मारली तरी काका कोपऱ्यातल्या खुर्चीतून हलले नाहीत. "राहू दे. बंद करू या हे. कोणी वाचत नाही. उगाच तुझे डोळे कशाला शिणवायचे?"

काकूंना ते सहा महिने आठवले. खरं सांगावं तर यांचा आपल्यावरचा विश्वास जाणार, आणि न सांगावं तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. त्यांनी टॅब्लेट उचलला आणि उत्तर एका दमात वाचून टाकलं. 'रिकामा बाक'ही गाळला नाही.

"थापा मारल्या मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या डोळ्यांवर विसंबलात आणि मी नाही नाही ते दाखवलं."

काकांनी विचारलं, "सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणाली?"

"अहो, मी काय सांगतेय!"

"ऐकलं ते. अगं, जन्मभर प्रुफं तपासली मी. अकरा फिल्म, आणि अकराही ठिकाणी कोणाचं तरी बटण तुटलेलं! सगळ्या शिंप्यांनी काय संप केला होता?"

काकू बघतच राहिल्या. "कळत होतं? मग बोलला का नाहीत? तुम्ही आणि चूक सोडलीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." काकांनी हाताने चाचपून त्यांचा हात धरला. "त्या खुर्चीतून तू मला ओढून काढलंस. लोकांचे आभार मानत बसलो, तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणतो. चल, लिही."

काकू टाइप करू लागल्या. "बाई, मला दिसत नाही, बायको पाहून सांगते. तुमचा बाक आज पुन्हा बघतो, रिकामाच. मागच्या मतात एक नाव गाळलं गेलं, चूक माझी. पाहून सांगणारी आणि बटण लावणारी..." आणि काकांनी काकूंचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून.

"आता वाच," ते म्हणाले. "एकही गाळू नकोस."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "काही दिसत नाहीये मला."