उलटी टीप

उंब्रजच्या आठवडी बाजारात ज्ञानदाबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि राणी त्यांच्या अंगावरच कुडतं शिवत होती. बाई पुण्याच्या कलावंत. मागावरचं जाडं कापड आणि गावची शिवण म्हणे जिवंत करायची, त्यासाठी हा तमाशा. शेवटी बाई हिसका देऊन शिवण उसवणार आणि मोकळ्या होणार होत्या. म्हणून त्यांनी बजावलं होतं, "नुसता धावदोरा घाला, कच्चा. बटण नको, हूक नको."

अंगावर शिवलं की दळिद्र येतं, हे पोरसोरही जाणतं. बचत गटातल्या बाकी सहा जणींनी सुईला हात लावला नाही. राणीने लावला. शाळा समितीचे अध्यक्ष नानासो म्हणाले होते, "कार्यक्रम नीट पार पडू द्या, पोरांचं गणवेश तुमच्याच गटाला." सात घरांच्या भाकरीचा प्रश्न होता, म्हणून राणी मुकाट शिवत होती.

एक बाही झाली तेवढ्यात बाईंनी माइक तोंडाशी धरला. "या बायकांच्या हातातून सुई निसटली होती. ती मी पुन्हा त्यांच्या हातात दिली!"

टाळ्या पडल्या. राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ती शिवत होती. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेल्या पोलक्यात बोहल्यावर चढल्या होत्या. आणि ही कोण लागून गेली सुई देणारी? तिने दोरा दुहेरी केला, धावदोरा सोडला आणि उलटी टीप घालायला घेतली. बैलाने ओढली तरी हलणार नाही अशी. दुसरी बाही, मग दोन्ही कुशी, मग गळा, आणि शेवटी पहिल्या बाहीवरही तीच टीप.

हलगी वाजली. बाईंनी हिसका दिला. शिवण जागची हलली नाही. दुसरा दिला, तिसरा दिला, घाम फुटला. बाजार खदखदून हसला. कांद्याच्या ढिगामागून कोणीतरी ओरडलं, "ताई, लय जोर लावा!"

"राणे, कात्री चालव," नानासो दातओठ खात म्हणाले.

"चालवते की. आदी बाईंनी माइकवर सांगावं, सुई कुणी कुणाला दिली त्ये."

"मूर्ख बाई!" ज्ञानदाबाई कडाडल्या. "तू काय नासवलंस, कळतंय का तुला?"

"समदं कळतंय. ऱ्हावा मग तशाच." राणीने कात्री पिशवीत टाकली.

"मग गणवेश गेलं म्हणून समज," नानासो म्हणाले.

राणीने आपल्या सहा जणींकडे पाहिलं. त्या आपल्या पाठीशी उभ्या राहणार, याची तिला खात्री होती. बयाबाई पुढे आली. गटात सगळ्यांत वडील, पण मशीन चालवायला तिला राणीनेच शिकवलं होतं. तिने राणीच्या पिशवीतून कात्री काढली आणि सरळ ज्ञानदाबाईंकडे निघाली.

"बयाक्का, तुमी?"

"तुजा राग तुज्यापाशी, राणे. आमाला चूल हाय."

टीप इतकी बारीक होती की कात्रीचं टोक आत शिरेना. बयाबाईला कापडच कापावं लागलं.

गणवेश गटाला मिळाले. पहिल्या बैठकीत नानासोंनी शिवणाऱ्यांची सहा नावं वाचली, आणि सातवं का नाही, हे एकीनेही विचारलं नाही.