गादी कुणी बिघडवली

माणूस ओळखण्यात मी कधी फसत नाही, असं परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. उधन्याच्या कापड कारखान्यात लूमच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात बावीस वर्षं काढली. कोण मुद्दाम धागा तोडून बिडी ओढत बसतो, ते मला दुरून कळायचं. पुढे माझ्याच मणक्यातली गादी सरकली, वजन उचलणं बंद झालं आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेक्यावर मदतनीस म्हणून लागलो. तिथे काम कशाचं, तर मणक्यातल्या गाद्यांचंच! देवालाही चेष्टा सुचते ती अशी.

दिपाली मॅडमच्या हाताखाली योगेंद्र संशोधन करायचा. आमच्याच खान्देशातून उधन्यात आलेल्या सरलाबाईंचा मुलगा. खाटकाकडून बकऱ्याचे मणके आणायचे, त्यांतल्या गाद्या काढून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवायच्या आणि मशीनमध्ये दाबून त्या किती दबतात ते मोजायचं. दुसरीकडे त्याने कॉम्प्युटरवर तशीच गादी तयार केली होती. दोन्ही गाद्या सारख्या दबल्या की काम फत्ते. मग माणसाच्या पाठीला किती ओझं सोसेल, हे त्यावरून सांगता येणार होतं.

पण दिवाळीनंतर दोन्ही गाद्यांचं जमेना. मशीनचे आकडे भलतेच येऊ लागले. मॅडम एकदा चिडून म्हणाल्या, "आकड्यांशी कोणी खेळत असेल तर त्याचं संशोधन त्याच दिवशी बंद करीन." मी लगेच योगेंद्रकडे बघितलं. आकडे लिहिणारा तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी, असलं काही माझ्या हातून व्हायचं नाही.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. "हिलालकाका, तुमले एक इचारनं व्हतं," म्हणत तो जवळ आला की मी बादली उचलून चालू लागायचो. सकाळी नऊला मी एकटाच असायचो. कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, ट्रेमधल्या पट्ट्या सुकल्यासारख्या दिसल्या की त्यांवर पाण्याचा हात फिरवायचा, मशीनवरची धूळ झटकायची. योगेंद्र यायचा दहाला.

एका सकाळी मात्र तो साडेनऊलाच आला. मी खाली गेलोय असं त्याला वाटलं असावं. दाराच्या काचेतून बघतो तर काय, पठ्ठ्याने एकेक गादी काढून काट्यावर ठेवली, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, चिठ्ठी खिशात घातली आणि गाद्या होत्या तशा ठेवून दिल्या. कुठे पाणी मुरतंय ते मला कळलं. मी तडक मॅडमची केबिन गाठली.

मॅडमनी त्याला माझ्यासमोरच विचारलं, "चोरून काय चाललं होतं?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वजन करत होतो."

"कशासाठी?"

त्याने खिशातल्या चिठ्ठीवर हात दाबला. मॅडमनी मशीनचं काम जयश्री नावाच्या मुलीकडे दिलं आणि त्याचं संशोधन थांबवावं असं पत्र महिनाअखेरीला वर पाठवायचं ठरवलं. चार वर्षांची मेहनत होती पोराची. तो मान खाली घालून गेला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण जयश्रीचेही आकडे चुकू लागले. आता हिच्यावरही नजर ठेवावी की काय, अशा विचारात असतानाच पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस नंदुरबारला जाऊन आलो. आलो तर जयश्री खुशीत. "काका, दोन दिवस आकडे बरोब्बर जुळले!" तिसऱ्या दिवशी, मी कामावर असताना, पुन्हा चुकले.

संशय घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नाही.

"पोरी," मी विचारलं, "त्या पट्ट्यांवर नळाचं पाणी मारलं तर?"

ती दचकली. "असं कसं मारायचं? साधं पाणी पिऊन गादी फुगते. म्हणून तर मिठाचं पाणी वापरतो."

हवा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो, म्हणून आमच्या खात्यात माग सुरू करण्याआधी पाणी शिंपडायचे. बावीस वर्षं तेच केलं. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली आणि इथेही काही सुकलेलं दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जायचा. त्यात कोणाला काय विचारायचं?

मॅडमना सगळं सांगितलं. त्या खूप रागावल्या. पत्र फाडलं, आणि माझं काय करायचं ते ठेकेदाराशी बोलून कळवते म्हणाल्या. संध्याकाळी योगेंद्रचं घर गाठलं. तो दारातच भेटला.

"पानी म्या टाकं रे भाऊ."

"माले माहीत व्हतं, काका. सकायले गादीसनं वजन वाढेल ऱ्हाये. आनि कुलूप तुम्हीच उघाडतस."

"मंग मॅडमले का नई सांगं?"

"तुमनी नोकरी जाती. पह्यले तुमले इचारनं व्हतं. पन तुम्ही उभाच ऱ्हायेत नई."

वजनांची ती चिठ्ठी इतके दिवस त्याच्या खिशात होती. तोंड उघडलं असतं तर तो त्याच दिवशी सुटला असता. मी मात्र एका सकाळीत त्याला चोर ठरवून मोकळा झालो होतो. माझी मलाच लाज वाटली.

"कोन उनं रे?" दारातलं बोलणं ऐकून आतून सरलाबाईंनी विचारलं.

"आपला हिलालकाका शेतस," तो म्हणाला.

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.