दूरचा दवाखाना

रजनीनं तेजश्रीच्या गळ्यातली शाळेची फीत काढली, ओळखपत्राभोवती गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मगच दवाखान्याची पायरी चढली.

"इथं कोण बघणारे, आई?"

"कुणी नाही. म्हणून तर एवढ्या लांब आलो."

घरून, चिक्कडपल्लीहून, इथं मेहदीपट्टणमला यायला मध्ये बस बदलावी लागली होती. घराजवळही असाच दवाखाना होता, पण तिथला कंपाउंडर तेजश्रीच्या बाबांना नावानं ओळखत होता.

शाळेत नववीच्या सगळ्या मुलांना मनाच्या तब्येतीविषयी काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक जगणं नकोसं होण्याबद्दल होता. तेजश्रीनं 'बहुतेक दिवशी' या उत्तरावर खूण केली. समुपदेशक बाईंनी रजनीला बोलावून घेतलं आणि स्वतः फोन करून इथल्या मनाच्या डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. रजनीचा नवरा बाळकृष्ण म्हणाला होता, "वयच आहे तिचं. होईल नीट." तेव्हा रजनीनं त्याला आपल्या कामातलंच उदाहरण दिलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. पहिल्या चाचणीत नमुना संशयास्पद निघाला म्हणजे आजार आहेच असं नसतं. पण पुन्हा तपासल्याशिवाय तो बाजूला ठेवायचा नसतो. बाळकृष्णनं मान हलवली. "नेहाचं ठरेपर्यंत कुठं बोलू नकोस मात्र," तो म्हणाला. नेहा, थोरली, तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, आणि ते आणलं होतं इंदुताईंनी.

आत बाकावर, पंख्याखाली, इंदुताईच बसल्या होत्या.

"अगं बाई, रजनी! तू इकडं कुठं?"

शहरातल्या निम्म्या मराठी घरांच्या सोयरिकी या बाईंनी जुळवल्या होत्या. कुणाची मुलगी काय शिकते, कुणाच्या घरी कोण आजारी असतं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. रजनीचा हात आपोआप तेजश्रीच्या खांद्यावरून निघाला.

"हिचं शाळेचं प्रोजेक्ट आहे, इंदुताई. डॉक्टरांना काही प्रश्न विचारायचेत."

"हौ का? कसलं गं प्रोजेक्ट, पोरी?"

तेजश्रीनं आईकडे पाहिलं. मग इंदुताईंकडे वळून हसली. "मुलांचं आरोग्य, आजी."

"हुशार आहे." इंदुताईंनी सरकून जागा केली. "मी आपली झोपेच्या गोळ्यांना येते. आमच्या वयाला कोण काय म्हणतंय?"

नर्सनं नाव पुकारलं. "तेजश्री, अंदर आओ अम्मा. पहले अकेली."

डॉक्टरांच्या खोलीला दार होतं, पण ते नीट लागत नव्हतं. रजनी तिच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बाहेर ऐकू येतं. जपून बोल."

परत येऊन बसल्यावर तिनं पर्स मांडीवर घेतली. इंदुताईंनी वर पंख्याकडे पाहिलं. हा पंखा दर महिन्याला असाच कुरकुरतो, असं काहीतरी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला.

"ओमकारला मी इथंच आणायची."

ओमकार त्यांचा नातू. दोन वर्षांमागं गेला, तेव्हा रजनी भेटायला गेली होती. ताप मेंदूत गेला, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं.

"ताप नव्हता गं. आम्ही तसं सांगितलं. इथं आणतानाही डोळ्यांचा नंबर काढायला चाललोय म्हणायचो. पाहुणे आले की तारीख चुकवायची. कुणाचं लग्न असलं की चुकवायची." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "प्रोजेक्टच्या पोरीला नर्स नावानं हाक मारत नाही, रजनी."

रजनीनं डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.

"नेहाच्या सासरच्यांचं माझ्याकडं लागलं. तू त्या काळजीत राहू नकोस."

रजनी उठली. दारापर्यंत पोचली तोच ते उघडलं आणि डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. त्या तरुण होत्या, मृदू हिंदीत बोलत होत्या. तेजश्री खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"झोप चांगली आहे म्हणते. जेवण, मैत्रिणी, अभ्यास, सगळं ठीक. शाळेत घाईत चुकीच्या जागी खूण झाली, असं सांगते." डॉक्टरांनी रजनीकडे पाहिलं. "मी आज जोर करणार नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

रजनीनं लेकीकडे पाहिलं. तेजश्रीचा चेहरा शांत होता. तक्रार नव्हती, रागही नव्हता. घरी पाहुणे आले की ती पाण्याचे पेले घेऊन येते, तेव्हा असायचा तसा.

"खूण चुकलेली नाही," रजनी म्हणाली. "मीच तिला बाहेर..." तिनं दार मागं ओढलं. ते लागलं नाही. तिनं पुन्हा ओढलं, मग पाठ लावून तशीच उभी राहिली.

"बाळा, यांना खरं सांग. सगळं. कुणी काही म्हणणार नाही."

तेजश्रीनं दाराच्या फटीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर वाट बघत होत्या. मग ती आईकडे वळली. शिकवणीत एखादं गणित कळलं नाही की विचारायची, तशी.

"आई, आत्ता नक्की काय सांगायचंय? एकदा ठरवून सांग ना."